पाण्याचा दिवस, मोबाईल आणि अर्णवचं बोलणं

आमच्या पाळणाघरात पाळणा एकच होता, आणि त्यात कायम धुतलेली दुपटी पडलेली असायची. पोरं खाली सतरंजीवर. नवीन आई दारातून आत डोकावायची आणि विचारायची, "काकू, पाळणे कुठंयत?" मी म्हणायचे, "तुला पाळणा पाहिजे, का पोर सांभाळायला माणूस?" माझ्या या तोंडामुळं चार गिऱ्हाइकं गेली असतील, पण जी टिकली ती घट्ट टिकली. एकेका घरातली दोन-दोन पोरं माझ्या हाताखालून गेली. आता गुडघे बोलायला लागले, पाळणाघर बंद केलं, आणि दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला की काकू, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ झाल्या. पण लिहायला बसलं की त्या आठवत नाहीत, अर्णव आठवतो. त्याला माझा इलाज नाही.

पुंडलिकनगरात आम्ही घर बांधलं तेव्हा मागं माळरान होतं. बघता बघता तिथं प्लॉट पडले, रो-हाउसं झाली, मग तीन-तीन मजल्यांची अपार्टमेंटं उभी राहिली. तालुक्या-तालुक्यातून शिकलेली पोरं नोकरीला आली, वाळूजच्या कंपन्यांत लागली, लग्नं करून दोन खोल्यांत राहिली. आई-वडील गावाकडंच. मग पोर झालं की बाईनं नोकरीला जायचं कसं? तिथून माझा धंदा सुरू झाला.

पाळणाघर म्हणजे पोरांना खाऊ घालायचं आणि झोपवायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. ते तर कोणीही करील. खरं काम म्हणजे पोराला कंटाळू देणं. हसू नका. आई गेल्यावर दीड-दोन वर्षांचं पोर रडतं, मग गप होतं, मग त्याला कंटाळा येतो. त्या वेळी मोठ्या माणसानं हात बांधून बसायचं. उगं पुढं पुढं करायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. पोर इकडं बघतं, तिकडं बघतं, कुरकुर करतं, आणि मग त्याला एखादा डबा सापडतो. डब्याचं झाकण सापडतं. झाकण बसतं, निघतं, पुन्हा बसत नाही, मग चिडचिड, मग पुन्हा बसतं. कितीतरी वेळ घर शांत. तेवढ्यात ते पोर जे शिकतं ते मला शिकवता आलं नसतं. माझं कसब म्हणाल तर एवढंच, की मी त्या वेळी गप बसू शकायचे. या तोंडाळ बाईला हे कसं जमतं, असं आमचे हे शेवटपर्यंत विचारायचे.

माझ्या मदतीला रझियाआपा होती. शहागंजाकडून यायची. पाच पोरांची आई, आवाज खणखणीत, आणि मराठी-हिंदी जे आधी तोंडात येईल ते बोलायची. केबलचा टीव्ही घरोघर आला तेव्हाची गोष्ट. मिताली नावाची एक गुटगुटीत पोरगी कार्टून लावल्याशिवाय तोंडच उघडायची नाही. माझ्याकडं टीव्ही नव्हता आणि मला आणायचाही नव्हता. पोरगी दुपारभर उपाशी बसायची. शेवटी आपाचं डोकं फिरलं. शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीचं खोकं तिनं मागून आणलं, समोरून चौकोन कापला, आणि मागं बसून त्यातून तोंड बाहेर काढलं. "देखो देखो, मिताली का टीवी चालू हो गया!" मग तिनं बातम्या दिल्या. "आज खिचडी में आलू डाले. काकू सुबह से सबपे चिल्ला रहे." पोरीनं आ वासला, आणि मी घास घातला. ते खोकं फाटेपर्यंत आपा त्यात बसत होती. फाटलं, आणि पोरगी नुसतं आपाकडं बघून जेवायला लागली. मला त्याचा अजून अभिमान आहे.

पण टीव्ही बिचारा घरात एका जागी बसलेला असायचा. मोबाईल पोराच्या मागं कुठंही येतो. आणि आमच्या शहरात तो सगळ्यात जास्त यायचा पाण्याच्या दिवशी.

बाहेरगावच्या वाचकांना हे सांगावं लागेल. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. प्रत्येक भागाचा दिवस ठरलेला असतो, तो मधे मधे चुकतो, आणि दुष्काळात पुढं पुढं सरकत आठवड्याच्याही पलीकडं जातो. पाणी सुटलं की घरातल्या माणसानं दुसरं काही करायचं नाही. मोटर लावायची, ड्रम भरायचे, हंडे, बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा. घरात एकटी बाई आणि पायात घोटाळणारं पोर असलं तर तिनं काय करावं? पोर भरलेल्या ड्रमाकडं धावतं. ओल्या फरशीवर घसरतं. मोटरच्या वायरला हात घालतं. तिनं त्याला पलंगावर बसवलं आणि हातात मोबाईल दिला, तर मी तिला नावं ठेवणार नाही. माझी हिंमत नाही. अडचण अशी, की पाणी भरून व्हायचं पण मोबाईल पोराच्या हातातून परत यायचा नाही. मग तो जेवताना आला, आंघोळीला आला, झोपताना आला. ज्या गल्लीला पाणी येऊन गेलं तिथली पोरं आम्हाला दारातच ओळखू यायची. डोळे तारवटलेले, हाकेला ओ नाही, हातातलं काही काढून घेतलं की जमिनीवर डोकं आपटायचं. आपा म्हणायची, "काकू, पिछली गली में पानी आया लगता." आणि आलेलंच असायचं.

अर्णव माझ्याकडं आला तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याची आई स्वाती मूळची सोयगावची, इथं एका दवाखान्यात रिसेप्शनवर. बाप वाळूजला, शिफ्टची नोकरी, घरी असला तरी झोपलेला. तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, आणि त्या वर्षी पाऊस असा दडी मारून बसलेला की नळाचं पाणी वर चढेना. टँकर केव्हाही यायचा. मग ही बाई बादल्या घेऊन खाली-वर, खाली-वर, आणि पोर वर मोबाईलपुढं.

पहिल्याच दिवशी ती कौतुकानं म्हणाली, "काकू, याला ए टू झेड येतं. कलर्स येतात. प्लॅनेट्सपण म्हणतो."

येत होतंच. 'एलिफंट' तर असा म्हणायचा की मी चाटच पडले, त्या मोबाईलमधल्या बाईचा सूर जसाच्या तसा. पण तो ते कोणाला म्हणायचा नाही. भिंतीकडं बघून म्हणायचा. आईला 'आई' म्हणत नव्हता. नावानं हाक मारली तर मान वळवत नव्हता. डबा दिला तर झाकणाकडं बघायचा, टाकून द्यायचा, आणि रिकामा हात पुढं करून ओरडायचा. कंटाळा सोसायची ताकदच त्याच्यात नव्हती.

चैत्रातल्या एका दुपारी तो सतरंजीवर पडला तो उठेना. अंग तापलेलं, ओठांना पापुद्रे आलेले. आपानं चमच्यानं पाणी लावलं तर पोरगं ते चोखत सुटलं. सकाळी त्यानं पाण्याचं भांडं नुसतं ढकललं होतं, आणि नंतर तहान लागली ती सांगितलीच नाही. ग्रह पाठ असलेल्या पोराला पाणी मागता येत नव्हतं. रिक्षा करून आम्ही त्याला मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं, स्वातीला तिथंच बोलावलं. सलाईन लागलं, पोर सावरलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी पुढं कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग स्वातीला समोर बसवून समजावलं. "याला शब्द ऐकू येतात, पण ते माणसाकडून येत नाहीत. मोबाईल बंद करा. याच्या तोंडाकडं बघून बोला. बोलून थांबा, त्याला वेळ द्या."

स्वाती म्हणाली, "डॉक्टर, बोलू कधी?"

त्यात उर्मटपणा नव्हता. ती खरोखर विचारत होती. डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले.

आम्ही दोघी लागलो खटपटीला, पण पाळणाघरात एका पोराला किती पुरणार? बोलणारं माणूस शेवटी दुष्काळानंच पाठवलं. अर्णवचे आजोबा, अप्पा, म्हणजे स्वातीचे सासरे, सोयगावजवळच्या वस्तीवर राहायचे. विहीर आटली, धाकटा मुलगा जनावरं घेऊन चारा छावणीवर गेला, आणि एकट्या म्हाताऱ्याला पाणी कोण आणून देणार म्हणून त्यांना इकडं आणलं. नातवाला सकाळी माझ्याकडं पोचवायचं काम त्यांच्याकडं आलं. पोचवलं, पण म्हातारा जाईचना. पायरीवर बसून राहिला.

मी म्हटलं, "अप्पा, मी म्हातारी माणसं सांभाळत नाही हो."

"नका सांभाळू की बाई," ते म्हणाले. "मी हितंच बसतो. तिकडं वर भिंतीसंगं किती बोलू?"

आणि बोलणं तरी कसलं! तोंडाला खंड नाही. कावळा आला की, "काय रं, तुला बी पानी नाय व्हय? हितं नाय बाबा, फुडं जा." चप्पल सापडली की, "कुठं गेली व्हती गं?" ऊन पायरीवर आलं की उन्हाशी भांडण. माझ्या डोक्यावर मिरे वाटायला हा आणखी एक आला, असं मी आपाला म्हटलं. पण ते अर्णवला मांडीवर घेऊन विचारायचे, "आता म्हस काय करीत आसंल रं?" आणि थांबायचे. त्याच्या तोंडाकडं बघत थांबून राहायचे. जन्म गेला जनावरांशी बोलण्यात, उत्तर आलं नाही म्हणून त्यांचं काही अडत नव्हतं. ते पुन्हा विचारायचे. पोरगं आधी त्यांच्या मिशीकडं बघायला लागलं, मग तोंडाकडं, मग डोळ्यांकडं.

टँकर गल्लीत वळला की अप्पा उठून हाळी द्यायचे, "आला रंऽ आला!" बायका बादल्या घेऊन धावायच्या. एके दिवशी ते तंबाखू मळत खाली मान घालून बसले होते. हॉर्न वाजला. अर्णवनं त्यांच्या धोतराला धरलं, त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "आला."

आपा डाव घेऊन तशीच उभी. "या अल्ला," म्हणाली, "काकू, सुना क्या? अप्पा को बोला वो. उनको बोला!"

मी ऐकलं होतं. मला इतकं रडू आलं की पदर पुरेना. अप्पांना कळेचना की या बायांना झालं काय. "टँकर आलाय, खरंच म्हनतंय पोर," ते म्हणाले आणि हाळी द्यायला उठले.

तिथून पोरगं सुटलं. 'पानी दे' आलं. 'नाय' आलं, आणि ते आल्यावर तर दिवसभर तेच. "लई ऊन हाय." "म्हस कुठं हाय?" एका पोरीनं डबा ओढला तर, "माझं हाय ते!" मी त्या भांडणात पडलेच नाही, ऐकत उभी राहिले. डब्याचं झाकण लावत बसायला लागला. संध्याकाळी स्वातीला बघून तो 'आई' म्हणत धावला, त्या दिवशी ती माझ्या दारात मटकन खाली बसली आणि त्याला उराशी धरून कितीतरी वेळ उठलीच नाही. अख्ख्या नोकरीत, म्हणजे माझ्या या धंद्यात, मला त्यापेक्षा जास्त कोणी काही दिलं नाही.

मग शाळेचा इंटरव्ह्यू आला. तीन वर्षांच्या पोराचा इंटरव्ह्यू! इंग्रजी शाळा, स्वातीनं आधीपासून ठरवलेली. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "काकू, हा 'लई' म्हणतो. 'हाय' म्हणतो. तिथं हसतील याला."

माझा पारा चढला. "हसू दे! दोन महिन्यांमागं हे पोर पाणी मागत नव्हतं, विसरलीस का? आणि त्याला बोलतं करणाऱ्या माणसाच्या बोलण्याची लाज वाटायला लागली तुला?"

ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी सोयगावहून कॉलेजला इथं आले ना, तेव्हा वर्गात बोलले की पोरी हसायच्या. माझी नक्कल करायच्या. पहिलं वर्षभर मी तोंडच उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी नाही. ते याच्या वाट्याला येऊ देऊ का? तुम्ही पहिल्यापासून शहरातलंच बोलता, तुम्हाला नाही कळायचं."

मला खरंच कळलं नसतं. माझ्या बोलण्याला कोणी हसलं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं, पण हसण्याची वेळच कोणावर आली नव्हती.

घरी जाऊन ती अप्पांना काय बोलली ते मला माहीत नाही. वाईट बोलली नसणार, ती तशी नव्हती. "अप्पा, याच्याशी जरा शुद्ध बोलत जा," एवढंच म्हणाली असेल. दुसऱ्या दिवशी अप्पा पायरीवर येऊन बसले ते जिभेला लगाम घालून. कावळा आला. अप्पांनी तोंड उघडलं, थांबले, आणि म्हणाले, "अर्णव, तो बघ... कावळा... आहे."

मी म्हटलं, "अप्पा, बोला की तुमचं तुम्ही. काही होत नाही."

"नाय बाई," ते म्हणाले. "आपल्या बोलन्यानं लेकराचं नुस्कान नगं. सूनबाई शिकलेली हाय, तिला कळतं." थोड्या वेळानं मलाच विचारायला लागले, म्हशीला शुद्ध भाषेत काय म्हणतात. मी सांगितलं, म्हैस. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. पुढं पुढं ते अर्णवला माझ्याकडं सोडायचे आणि समोरच्या कडुलिंबाखाली एकटे जाऊन बसायचे. अर्णव पायरीवरून त्यांना हाका मारायचा, ते नुसता हात हलवायचे. घरी मोबाईल पुन्हा हातात आला, आता अभ्यासाचा म्हणून. त्यात इंग्रजी शुद्ध असतं.

मृग कोरडाच गेला, पण पुढं उशिरा का होईना पाऊस झाला. सगळं शहर खूश, मीसुद्धा. छावणी उठली, धाकट्याचा फोन आला, आणि अप्पा गावाकडं निघाले. जाताना माझ्या दारात आले. अर्णवच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि सवयीनं काही बोलणार होते ते गिळून म्हणाले, "शिक. मोठा हो."

आपा आत जाऊन भांडी आपटायला लागली. तिला राग आला की ती भांडी आपटायची.

अर्णवला ॲडमिशन मिळाली. रंग सांगितले, ग्रह सांगितले, एलिफंट सांगितला. स्वातीनं पेढे आणले, आम्ही खाल्ले. शाळा सुटल्यावर तो माझ्याकडं यायचा. बोलणं एकदम गेलं नाही, एकेक शब्द गळत गेला. 'म्हस' गेली, मग 'पानी दे' गेलं, मग तो पुन्हा भांड्याकडं नुसता हात करायला लागला. आम्ही मागं लागायचो, मागून घे म्हणायचो. पण त्याला आता आमच्या तोंडाकडं बघायला फुरसत नव्हती. शाळेनंही कळवलं की नावानं हाक मारल्यावर बघत नाही. स्वाती पुन्हा डॉक्टरांकडं जाऊन आली. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, मोबाईल बंद करा आणि बोला; या खेपेला ती त्यांना काही विचारत बसली नाही.

दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी ती त्याला न्यायला आली असताना फोन वाजला. अप्पांनी धाकट्याच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला होता. "बघ कोण आहे! अप्पा!" म्हणत तिनं फोन अर्णवच्या हातात दिला. मोबाईल दिसताच पोराचा चेहरा खुलला. पडद्यावर अप्पांची मिशी, अर्धा कान, मागं गोठा. शुद्ध-अशुद्ध सगळं विसरून म्हातारा ओरडत होता, "काय रं वाघा! वळखलं का? ही बघ म्हस, पाह्य, तुला दावायलाच आनलीय!"

अर्णवनं क्षणभर बघितलं. मग पडद्यावर बोट ठेवून वर ढकललं. अप्पा गेले नाहीत. पुन्हा ढकललं. मग जाहिरात लागली की ती घालवायला जिथं बोट लावायचं असतं, त्या कोपऱ्यात तो बोट दाबायला लागला. अप्पा हसत होते, बोलत होते, म्हशीला पुढं ओढत होते. पोर चिडलं, जोरजोरात दाबायला लागलं, आणि मोठ्यानं रडायला लागलं.

तिकडून अप्पांनी विचारलं, "रडतंय का गं सूनबाई? माझी याद येती व्हय त्याला?"

स्वातीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं, आणि मलाही कळलंय हे तिला दिसलं. तिनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"व्हय अप्पा," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ते 'व्हय' पहिल्यांदाच ऐकलं. "लई याद येती."

"मंग दे की त्याच्यापाशी फोन," अप्पा म्हणाले. "मी बोलतो, म्हंजे गप हुईल."